चौतीस जणांना मंचावर उभे राहण्यास चार मिनिटे लागतात

प्रति,
संयोजन समिती,
पुण्यातील एक मोठा सांस्कृतिक महोत्सव

विषय : समूहगान सत्राची वेळ, ध्वनिव्यवस्था आणि गाण्यांच्या भाषा यांबाबत

माननीय सदस्य,
सप्रेम नमस्कार.

गेल्या डिसेंबरमधील एका रविवारी आपण आपल्या महोत्सवातील दुपारच्या समूहगान सत्रासाठी आमच्या मंडळाला सोलापूरहून बोलावले, त्याबद्दलचे आभार मी त्याच आठवड्यात लेखी कळवले होते आणि ते आजही मागे घेतलेले नाहीत. त्या पत्रात काही अडचणीही मांडल्या होत्या. त्यावर आपल्या कार्यालयाकडून ‘आपल्या सहभागाने महोत्सवाची शोभा वाढली’ असे, बहुधा सर्वच मंडळांना गेलेले उत्तर आले. पुढच्या वर्षासाठी आपण आता अर्ज मागवू लागला आहात, म्हणून तेच म्हणणे अधिक सविस्तर आणि सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे. महोत्सवाचे नाव मुद्दाम घातलेले नाही. इतर गावांच्या मंडळांशी बोलल्यावर असे दिसते, की हे पत्र एकाहून अधिक समित्यांना लागू पडेल.

आमचे मंडळ ३४ जणांचे आहे. सर्वांत लहान मुलगी १९ वर्षांची आणि सर्वांत थोरले मामा ७४ वर्षांचे. मामांची सारी नोकरी कापड गिरणीत गेली. अकरा बायका घरी विड्या वळतात. बाकी शिक्षक, शिंपी, यंत्रमाग कारखान्यातील कामगार, एक औषध दुकानदार अशी मंडळी आहे. आमची तालीम शहराच्या पूर्व भागातील एका शाळेच्या खोलीत होते आणि भिंतीपलीकडे माग चालू असतात. त्या खटखटीत सूर धरायला शिकलेली माणसे असल्याने शांत जागी आल्यावर ती सुरुवातीला जरा जास्तच मोठ्याने गातात, हे मला मान्य आहे. खोलीत मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषा चालतात. कडवे पुन्हा घ्यायचे असले, की मी ‘परत’ म्हणतो, डावीकडून कोणीतरी ‘इन्नोम्मे’ म्हणते आणि मागून ‘मळ्ळी’ ऐकू येते. तिन्ही म्हणून झाल्याशिवाय ढोलकीवाला हात उचलत नाही. आमची पट्टी पांढरी चार आहे, म्हणजे पुरुषांना थोडी चढी आणि बायकांना थोडी उतरती, दोघांनी निम्मी निम्मी सोसलेली.

आपण आम्हाला वीस मिनिटे दिली होती. त्यात बसणारी चार गाणी आम्ही निवडली आणि घड्याळ लावून तीनदा मोजली. ती साडेचौदा मिनिटांची भरली. पहिले चार हुतात्म्यांवरचे मराठी गीत, आमच्याच एका निवृत्त शिक्षकांनी लिहिलेले. दुसरे सोलापूरचे ग्रामदैवत असलेल्या सिद्धरामेश्वरांचे कन्नड वचन, म्हणजे त्यांनी रचलेले छोटे भक्तिपर पद. तिसरे विड्या वळताना पूर्व भागातील बायकांच्या तोंडी असणारे एक तेलुगू गाणे, जे आमच्यातील एक अक्का एकट्या उचलतात आणि बाकीचे मागून धरतात. चौथा एक अभंग, टाळ्यांसह.

त्या दिवसाचा खर्च आपल्या हिशेबात कुठे दिसत नाही, म्हणून सांगतो. आम्ही हुतात्मा एक्सप्रेसने आलो, जी सोलापूरहून सकाळी साडेसहाच्या सुमारास सुटते. आरक्षणाच्या एका अर्जावर सहा प्रवाशांचीच नावे घालता येतात, त्यामुळे ३४ जणांसाठी सहा अर्ज भरले, आणि जागा आल्या त्या दोन डब्यांत विखरून. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येते, आणि तो रविवार नेमका नऊ घरांचा पाण्याचा दिवस निघाला. कोणी शेजारणीकडे किल्ली दिली, कोणी नवऱ्याला मागे ठेवले. गाडी जेऊरच्या पुढे गेल्यावर आमच्या शहराला पाणी पुरवणाऱ्या उजनी धरणाचे पाणी खिडकीशी आले, तेव्हा ‘हे बघा, आपलं पाणी इथं बसलंय’ असे कोणीतरी म्हणाले आणि अख्खा डबा हसला. बाहेरगावच्या प्रवाशांना त्यात हसण्यासारखे काय आहे ते कळले नसावे. विडी कामगार बायकांची मजुरी हजार विड्यांवर ठरते; बसली नाही त्या दिवसाचे पैसे नाहीत. म्हणून अक्कांनी शुक्रवारी आणि शनिवारी रात्री जागून रविवारचे हजार आधीच भरून काढले होते. गाडीत त्या माझ्या समोर बसल्या होत्या. पानाला कात्री लावून लावून अंगठ्याच्या बुडाशी पडलेला घट्टा त्या दुसऱ्या हाताने चोळत होत्या आणि ओठांतल्या ओठांत गाण्याची सुरुवात म्हणून पाहत होत्या.

आपल्याकडील ज्या गोष्टी चांगल्या होत्या, त्याही सांगितल्या पाहिजेत. जेवण गरम आणि वेळेवर होते. महाविद्यालयातील जी मुले-मुली स्वयंसेवक म्हणून होती, त्यांनी मामांना जिना चढावा लागू दिला नाही, आणि एका मुलीने आमची पेटी स्वतःच्या मांडीवर घेऊन दीड तास सांभाळली. पोशाखाच्या सूचनेत ‘नऊवारी, नथ व फेटा’ असे होते, ते मात्र आम्ही पाळले नाही. आमच्यातील निम्म्या बायकांच्या घरी नथ घालण्याची रीतच नाही, आणि एका दिवसासाठी भाड्याची नथ घालून ‘पारंपरिक’ दिसणे आम्हाला जमले नसते. एकसारख्या सुती साड्या नेसलो. त्या बदलण्यासाठी आपल्याकडे खोली नव्हती. पुणे स्थानकाच्या प्रतीक्षालयात बदलूनच आम्ही आलो होतो, हे बरे झाले.

आमची वेळ दीडची होती. पावणेतीन वाजले तरी आम्ही मंचामागे रांगेत उभे होतो. समोर सत्कार चालू होते. महाराष्ट्रात सत्कार एकदा सुरू झाला, की तो कोणाच्या हातात राहत नाही, हे आम्ही सोलापूरकरही जाणतो. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, आणि मग ज्यांनी शाल दिली त्यांनाही शाल. तक्रार उशिराची नाही. उशीर कोणाच्या वाट्यातून वसूल केला जातो, याची आहे. ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार ध्वनिक्षेपक रात्री १० ते सकाळी ६ बंद ठेवावे लागतात. सवलतीचे मोजके दिवस सोडले, तर ती रेषा हलत नाही. रात्रीच्या नामवंत कलाकाराची तिकिटे विकली गेलेली असतात, त्यामुळे तो भागही हलत नाही. सत्कार हलत नाहीत. मग दिवसभराचा साचलेला उशीर दुपारच्या हौशी मंडळांच्या वाट्यातून कापला जातो, कारण तेथे ना करार असतो ना तिकीट. आपल्यापैकी कोणाच्या मनात तसे नसेलही, पण कार्यक्रमपत्रिका आखल्यावरच ते ठरून जाते.

पावणेतीनला हातात वॉकीटॉकी घेतलेला एक तरुण आला आणि म्हणाला, ‘काका, आठ मिनिटं. दोनच घ्या.’ त्याचा स्वर उद्धट नव्हता. तोही सकाळपासून उपाशी दिसत होता.

येथे मला जे लिहायचे आहे ते लिहिणे सोपे नाही. दोन गाणी घ्या, असे आपल्या कार्यकर्त्याने सांगितले. कोणती दोन, हे त्याने सांगितले नव्हते. ते मी ठरवले. अर्ध्या मिनिटात ठरवले आणि मराठी दोन ठेवली. समोरचे श्रोते पुण्याचे आहेत, त्यांना समजेल ते म्हणावे, असा विचार त्या क्षणी माझ्या डोक्यात आला, आणि तो कोणी माझ्या डोक्यात घातला नव्हता. रांगेकडे वळून मी ‘पहिलं आणि शेवटचं’ एवढेच म्हणालो. अक्का तिसऱ्या स्थानी उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली आणि पदर खोचून मागच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. त्या निवडीचा दोष मी आपल्यावर टाकत नाही. पण घाईच्या वेळी माणूस काय टाकून देतो, हे मला त्या दिवशी स्वतःविषयी कळले, आणि तशी घाई पुन्हा कोणत्याही मंडळाच्या संयोजकावर येऊ नये, असे मला वाटते.

आता प्रत्यक्ष सादरीकरणाविषयी. चौतीस माणसे तीन रांगांत, उंचीप्रमाणे, एका अरुंद जिन्याने वर चढून स्थिर होण्यास चार मिनिटे लागतात. आम्ही तालमीत ती तीनवर आणली होती, पण आमच्या शाळेत जिना नाही. एकट्या गायकाला मंचावर येण्यास जेवढा वेळ लागतो, तेवढाच समूहालाही लागेल असे धरून आठ मिनिटे दिली, तर त्यातली निम्मी उभे राहण्यात जातात. तशीच ती गेली. त्या वेळात निवेदिका आमची ओळख करून देत होत्या : चादरीच्या गावाहून आलेली मंडळी, येताना शेंगाचटणी आणली की नाही, अशी. लोक हसले, आम्हीही हसलो. चादरीची आम्हाला लाज नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि आमच्यातील चौघे ती विणतात. मात्र पहिल्या गाण्याचा विषय मी लेखी पाठवला होता आणि तो सांगायचा राहून गेला.

तो विषय असा. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटले आणि इंग्रज सरकारने शहरात मार्शल लॉ लावला. त्या प्रकरणी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी देण्यात आली, आणि ती येरवड्याच्या तुरुंगात, म्हणजे आपल्याच शहरात. त्यांच्याच आठवणीचे नाव असलेल्या गाडीने आम्ही आलो होतो. हे गाणे पुण्यात म्हणावे, ही मामांची इच्छा होती. ते कशाविषयी आहे हे श्रोत्यांना माहीत नसताना म्हटले गेले, आणि मधल्या कडव्यावर काही जणांनी ठेक्यात टाळ्या धरल्या. त्या कडव्यावर आम्ही एरवी टाळही थांबवतो.

ध्वनीविषयी लिहिताना मी तंत्रज्ञ असल्याचा दावा करत नाही, पण वीस वर्षे पेटी वाजवत आहे. आम्हाला हातात धरायचे चार माइक देण्यात आले. असा माइक ज्याच्या तोंडाशी असतो त्याचाच आवाज उचलतो. त्यामुळे बाहेर जे ऐकू गेले ते चार जणांचे गाणे आणि तीस जणांची हलणारी तोंडे. मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्यांना स्वतःला ऐकू यावे म्हणून मंचावर ठेवलेले स्पीकर, आधीच्या वाद्यवृंदासाठी लावलेले होते आणि त्यांत पेटी येत नव्हती. समोर सुमारे पन्नास मीटरवर एक उंच इमारत आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे आमचा स्वर तेथे आपटून परत येईपर्यंत सुमारे ०.३ सेकंद लागतो. मागच्या रांगेला पेटी ऐकू येत नव्हती आणि इमारतीवरून परतलेले स्वतःचेच गाणे मात्र स्पष्ट ऐकू येत होते. ती रांग त्याच्याबरोबर जाऊ लागली, आधी लयीत मागे पडली आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत पट्टीही उतरली. ज्याने ऐकले त्याला वाटले असेल, की या लोकांची तालीम झालेली नाही. रविवार सोडून आम्ही महिनाभर रोज संध्याकाळी बसलो होतो.

यावरचा उपाय महागडा नाही. समूहासमोर, पहिल्या रांगेपासून चार-पाच फुटांवर आणि डोक्याच्या थोडे वर, उंच स्टँडवर दोन किंवा तीन कंडेन्सर माइक (थोड्या अंतरावरचा आवाजही उचलणारे) लावावेत. पेटीला एक आणि ढोलकीला एक वेगळा असावा. प्रेक्षकांकडचे स्पीकर या माइकच्या पुढे असावेत, म्हणजे शिट्टी वाजणार नाही. आणि गाणाऱ्यांच्या मॉनिटरमध्ये फक्त पेटी आणि ताल सोडावा. आपल्याकडे सामग्री होती, ती मी मंचामागे पाहिली. नव्हता तो वेळ. सकाळी प्रेक्षक येण्याआधी प्रत्येक मंडळाला दहा मिनिटे साउंड चेकसाठी मिळाली असती, तर साउंडवाल्यांना पातळी नोंदवून ठेवता आली असती. आम्ही साडेदहाच्या सुमारास पुण्यात उतरलो होतो आणि सव्वाअकराला आपल्या मैदानावर होतो. दीडपर्यंत आम्हाला दुसरे कामही नव्हते.

आता भाषेविषयी, जी या पत्राची मुख्य विनंती आहे. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वर हे सोलापूरचे ग्रामदैवत आहे. मंदिराभोवतीचा तलाव त्यांनी खोदवला, गावाभोवती ६८ लिंगे स्थापली असे आम्ही मानतो, आणि मकर संक्रांतीच्या यात्रेत सात नंदीध्वज त्या ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, तेव्हा ते पाहणाऱ्यांच्या घरी कोणती भाषा बोलली जाते हे कोणी विचारत नाही. सिद्धरामेश्वरांची वचने कन्नडात आहेत. ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ ही त्यांची मुद्रा, म्हणजे वचनाच्या शेवटी येणारी ओळखीची खूण. म्हणजे सोलापूरने पुण्यात येऊन स्वतःचे असे काही गायचे ठरवले, तर त्यात कन्नड वचन हे परभाषेचे आकर्षण म्हणून येत नाही, ते आमच्या गावाचे बोलणे आहे. तेलुगूचेही तसेच. पद्मशाली विणकरांनी येथे माग उभे केले, पूर्व भाग वसवला, आणि ज्या चादरीचा उल्लेख निवेदिकांनी केला, तिच्या उभ्या-आडव्या धाग्यांशी तेलुगू बोलणाऱ्या हातांचा संबंध काही पिढ्यांचा आहे. चादर चालते आणि ती विणणाऱ्यांची बोली मंचावर नको, असे आपण म्हणाला नाहीत. पण आठ मिनिटांत तेच झाले, आणि वर लिहिल्याप्रमाणे ते माझ्या हातून झाले.

श्रोत्यांना अर्थ कळणार नाही, ही अडचण सोडवण्याजोगी आहे. मंचाच्या दोन्ही बाजूंना मोठे पडदे होते आणि आमचे सादरीकरण चालू असताना त्यांवर प्रायोजकांच्या जाहिराती फिरत होत्या. प्रायोजकांविना महोत्सव होत नाही, हे आम्हाला समजते. तरीही चार मिनिटांच्या गाण्यापुरते एका बाजूच्या पडद्यावर त्याच्या अर्थाच्या दोन ओळी मराठीत दाखवता येतील. त्या ओळी देवनागरीत टंकित करून, गाण्याच्या कालावधीसह, आम्ही महिनाभर आधी पाठवू. निवेदकांना वाचण्यासाठीही तोच कागद पुरेल, म्हणजे शेंगाचटणीकडे वळण्याची वेळ येणार नाही.

मानधनाविषयी थोडक्यात. ‘मानधन देऊ शकत नाही, व्यासपीठ देतो’ असे आपण आधीच कळवले होते आणि ते मान्य करूनच आम्ही आलो. मात्र ३४ जणांचे दुसऱ्या वर्गाच्या बैठकीचे जाण्या-येण्याचे भाडे आपण द्यावे, असे आता स्पष्टपणे मागत आहे. चौतीस स्मृतिचिन्हांचा खर्च त्यातून वळवता येईल. आमच्याकडे ती ठेवायला शाळेचे एकच कपाट आहे.

परतीची हुतात्मा संध्याकाळी सहाच्या सुमारास होती. दौंड गेल्यावर काही जणांनी अक्कांना म्हटले, की आता तरी म्हणा, इथे आम्ही सगळे धरतो. मीही म्हटले, माझ्या म्हणण्याला थोडी अपराधीपणाची घाई होती. त्या म्हणाल्या, ‘नको सर, लोकं झोपलेत गाडीत.’ मग त्यांनी डब्यातली उरलेली भाकरी आणि चटणी समोरच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याला दिली, पदर डोक्यावरून ओढला आणि कुर्डुवाडी येईपर्यंत त्या झोपल्या होत्या. दहाच्या सुमारास सोलापूर आले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी पाण्याचा दिवस होता. पुढच्या गुरुवारी त्या तालमीला नेहमीच्या वेळेला आल्या, त्याविषयी काही बोलल्या नाहीत, आणि मीही अजून नीट बोललेलो नाही. हे पत्र प्रसिद्ध होण्यापूर्वी त्यांना वाचून दाखवले आहे.

पुढच्या वर्षासाठीचा आमचा अर्ज या पत्रासोबत पाठवत आहे. त्यातील ‘सादरीकरणाची भाषा’ या रकान्यात एकच पर्याय निवडण्याची सोय असल्याने तो कोरा ठेवून गाण्यांची यादी वेगळ्या कागदावर जोडली आहे. गाणी तीच चार आहेत. उभे राहण्याची चार मिनिटे धरून एकूण साडेअठरा मिनिटे लागतील. क्रम तेवढा बदलला आहे : तेलुगू गाणे पहिले आहे आणि कन्नड वचन दुसरे.

कळावे,

आपला नम्र,
संयोजक व पेटीवादक,
समूहगान मंडळ, पूर्व भाग, सोलापूर